दोष पंचाचा की मापाचा?

फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आली, की घराचे घड्याळच बदलते. रात्री-अपरात्री चहाचे आधण चढते, टीव्हीचा आवाज "जरा कमी करा" म्हणून दहादा सांगावे लागते आणि सकाळी शाळेला निघालेली मुले पेंगत डबा उचलतात. हे सगळे एकवेळ चालेल हो! पण सामना संपला तरी तो संपत नाही, त्याचे काय? अंतिम सामना झाला, की पुढचे आठ दिवस दाढी करताना, जेवताना, जिन्यात शेजारी भेटले की एकच विषय – रेफ्री. "रेफ्रीनं मॅच घालवली बघा!" हे वाक्य आमच्या कोल्हापुरात तर इतक्या ठसक्यात म्हटले जाते, की ऐकणाऱ्याला वाटावे, हा गृहस्थ स्वतः मैदानात उभा होता. इथे पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. एकाच घरात थोरला एकीकडचा आणि धाकटा दुसरीकडचा, असेही असते. मग पंचाच्या निर्णयावरून आईच्या स्वयंपाकघरापर्यंत वाद येतो.

"तुला काय कळतंय त्यातलं," असे म्हणून आपल्याला गप्प बसवण्याची घराघरांत पद्धत आहे. पण मैत्रिणींनो, हा वाद नीट ऐकला, तर त्यात आपल्या रोजच्या ओळखीचे काहीतरी सापडते. पंच कडक होता, अशी तक्रार सहसा कुणी करत नाही. तक्रार असते ती अशी, की "त्याला कार्ड दाखवलं, मग ह्याला का नाही?" म्हणजे एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा. हीच तक्रार घरात दोन मुले असलेल्या प्रत्येक आईने ऐकलेली असते!

चौदा पिवळी कार्डे

उदाहरणच घ्यायचे, तर २०१० सालचा अंतिम सामना घेऊ. ११ जुलैला दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला स्पेन आणि नेदरलँड्स हे संघ भिडले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. दोघांनीही तोवर एकदाही विश्वचषक जिंकलेला नव्हता, त्यामुळे इरेला पेटून खेळ झाला आणि खेळापेक्षा धसमुसळेपणाच जास्त झाला. इंग्लंडचे हॉवर्ड वेब पंच होते. पोलीस खात्यात सार्जंट म्हणून काम केलेला हा उंचापुरा माणूस. त्यांनी त्या एका सामन्यात चौदा वेळा पिवळे कार्ड काढले. त्याआधी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला उच्चांक होता १९८६ सालचा, सहा कार्डांचा.

इतकी कार्डे दाखवूनही वाद झाला तो न दाखवलेल्या कार्डाचा. पहिल्या अर्ध्या तासातच नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या थेट छातीवर बुटाची लाथ मारली. हे लाल कार्डाचे, म्हणजे खेळाडूला बाहेर घालवण्याचे काम. मिळाले पिवळे. वेब यांच्या आड दुसरा खेळाडू आल्याने त्यांना ते नीट दिसले नव्हते. नंतर चित्र पाहिल्यावर, ते लाल कार्डच होते, असे त्यांनी स्वतः मान्य केले.

उलट बाजूचेही पहा. शेवटची काही मिनिटे उरली असताना नेदरलँड्सचा रॉबेन गोलाकडे धावत होता आणि स्पेनच्या पुयोलने त्याला मागून धरले. रॉबेन पडला नाही, तसाच धावत राहिला. गोलरक्षकाने चेंडू अडवला आणि पंचांनी काही दिले नाही. रॉबेन चिडून बोलायला गेला, तर कार्ड त्यालाच! पडला असता, तर कदाचित न्याय मिळाला असता. उभा राहिला म्हणून नाही मिळाला. "जो रडतो त्याचं ऐकलं जातं," ही तक्रार सोसणाऱ्या मुलाच्या तोंडून आपण घरीही ऐकतो ना?

पुढे जादा वेळेत नेदरलँड्सच्या हायटिंगाला दुसरे पिवळे मिळून तो बाहेर गेला. त्यानंतर नेदरलँड्सच्या एका फटक्यात चेंडू स्पेनच्या खेळाडूंना लागून बाहेर गेला होता. म्हणजे कॉर्नर द्यायला हवा होता, तोही दिला गेला नाही. त्यानंतर थोड्याच वेळात, ११६ व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल केला आणि स्पेनने सामना १-० असा जिंकला. आता सांगा, नेदरलँड्सच्या माणसाने "आम्हाला फसवलं" म्हणायचे, की स्पेनच्या माणसाने "तुमचे तर अकराजण अर्ध्या तासातच दहा व्हायला हवे होते" म्हणायचे? दोघांकडेही पुरावा आहे, म्हणून वाद मिटत नाही.

या साऱ्यात मला कौतुक वाटले ते योहान क्रायफ यांचे. नेदरलँड्सचा हा सर्वांत थोर खेळाडू. देशभर पंचाच्या नावाने ओरड चालू असताना त्यांनी आपल्याच संघाच्या आडदांड खेळावर जाहीर टीका केली. आपल्या माणसांची चूक आपण आधी सांगायची, ही सवय किती घरांत असते?

एका शिक्षकाची युक्ती

ही पिवळी-लाल कार्डे आली कुठून, ते मात्र मुलांना जरूर सांगा. १९६६ साली इंग्लंडमध्ये विश्वचषक झाला. इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या कप्तानाला बाहेर जायला सांगितले, पण पंचाला स्पॅनिश येईना आणि कप्तान काही हलेना! कितीतरी मिनिटे खेळ थांबला. स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी केन ॲस्टन यांच्याकडे होती. ते पेशाने शिक्षक. लंडनच्या रस्त्याने मोटार चालवताना चौकातले दिवे पाहून त्यांना सुचले, की पिवळा म्हणजे जपून आणि लाल म्हणजे थांब, एवढे तर कुठल्याही भाषेच्या माणसाला कळते. असे सांगतात, की त्यांनी घरी ही गोष्ट काढली, तेव्हा त्यांच्या पत्नी हिल्डा यांनी आत जाऊन शर्टाच्या खिशात मावतील अशी दोन रंगीत कार्डे कापून आणली. १९७० च्या मेक्सिकोतल्या स्पर्धेपासून विश्वचषकात कार्डे सुरू झाली. म्हणजे साऱ्या जगाच्या खेळाडूंना धाक घालणारी ही वस्तू आधी एका गृहिणीच्या कात्रीतून उतरली!

यातली खरी शिकवण अशी, की शिक्षा देण्याआधी समोरच्याला ती समजली पाहिजे. न समजलेली शिक्षा म्हणजे नुसता अपमान.

यंत्र आले, तरी...

"आता कॅमेरे आहेत, मग चुका का होतात?" असे कुणी विचारील. चुका कमी झाल्या आहेत, हे खरे. २०१० मध्येच इंग्लंडच्या लँपार्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला होता. जगाने पाहिले, पण पंचांनी नाही. त्यानंतर चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हे सांगणारे यंत्र मान्य झाले आणि २०१४ च्या विश्वचषकात वापरले गेले. २०१८ पासून पडद्यावर चित्र पाहून पंचाला मदत करणारी व्यवस्था आली.

पण त्याच वर्षीच्या फ्रान्स-क्रोएशिया अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला, तेव्हा पंच पिताना पडद्यापाशी गेले, पाहून निघाले, पुन्हा वळून पाहिले आणि मग फ्रान्सला पेनल्टी दिली. हात मुद्दाम लावला, की लागला? चित्र दहा वेळा पाहिले, तरी माणसाचे मन त्यात दिसत नाही. रेषा यंत्राला कळते, हेतू कळत नाही. तिथे माणूसच लागतो आणि माणूस म्हटला की मतभेद आलेच.

२०२२ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवले, तेव्हाही तेच. मेस्सीच्या एका गोलाच्या वेळी अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू मैदानात शिरले होते, म्हणून फ्रेंच लोक चिडले. पोलंडचे पंच मार्चिन्याक यांनी पत्रकारांसमोर आपल्या फोनवरचे छायाचित्र धरले. फ्रान्सच्या एम्बापेच्या गोलाच्या वेळी फ्रान्सचेच सातजण आत होते! आपल्याला दुसऱ्याच्या पानातले दिसते ते असे.

त्याच स्पर्धेत १ डिसेंबरला कोस्टा रिका-जर्मनी सामन्यात फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार पंच होत्या आणि रेषेवरच्या दोघी सहाय्यकही स्त्रियाच होत्या. पुरुषांच्या विश्वचषकात असे प्रथमच घडले. सामना नीट पार पडला. घरोघरी हेच काम करणाऱ्या आपल्याला त्यात नवल ते काय!

आपल्या अंगणातला पंच

विश्वचषकाचे पंच सामना संपला की विमानाने घरी जातात. आपल्या गावातल्या पंचाचे तसे नसते. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर ईर्ष्येने सामने होतात आणि त्या ईर्ष्येचा गावाला अभिमानही आहे. पण एखाद्या निर्णयावरून शिवीगाळ, ढकलाढकली आणि क्वचित दगडफेकही होते, हे नाकारून चालणार नाही. सामन्याच्या दिवशी मुलगा घरी येईपर्यंत दाराशी घुटमळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मैदानात शिट्टी वाजवणारा तो पोरगाही कुणाचा तरी मुलगाच असतो. भर उन्हात नव्वद मिनिटे धावून त्याच्या वाट्याला आईवरून शिव्या येणार असतील, तर उद्या शिट्टी हातात घ्यायला कोण पुढे येईल? आणि पंचच नसेल, तर आपली मुले खेळणार कशी?

म्हणून घरात सामना पाहताना तीन गोष्टी जरूर करून पहा. मुलगा "चीटिंग!" म्हणून ओरडला, की त्याला विचारा, "हेच आपल्या खेळाडूनं केलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?" दुसरे, निर्णय चुकला असेल, तर चुकला म्हणा. अन्यायाला अन्याय म्हणायला मुलांनी शिकलेच पाहिजे. पण "चुकला" आणि "विकला गेला" यांत फार अंतर आहे, ते त्यांना दाखवा. पुराव्याशिवाय कुणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायचे नाही. आणि तिसरे, घरच्या न्यायाचे माप एकच ठेवा. ताटे उचलायला रोज मुलीनेच उठायचे आणि मुलाने सामना पाहत बसायचे, हे ज्या घरात चालते, त्या घरातल्या मुलाला पंचाच्या पक्षपाताविषयी बोलण्याचा काय अधिकार?

मापात अधूनमधून चूक झाली, तर मुले ती पोटात घालतात. माणसागणिक माप बदलले, तर ती कधीच विसरत नाहीत.