घाट चढतो तो पकडीवर

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबली, की प्रवाशांचं लक्ष बटाटेवड्याकडे लागतं. गाडीच्या शेपटाला मात्र वेगळीच लगबग चालू असते. तिथे जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे बोरघाट आहे आणि त्याचा चढ दर ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे.

सपाटीवर पोलादी चाक पोलादी रुळाशी फारसं भांडत नाही. उभी गाडी हलवायला टनामागे चार-पाच किलोचा जोर पुरतो. हजार टनांची गाडी असेल, तर फार तर पाच टन.

घाटात हिशेब पालटतो. चढावर गाडीचं वजनच तिला टनामागे २७ किलोच्या जोराने मागे ओढतं. वर इंजिनाला स्वतःचं वजनही चढवायचं असतं. मघाचे पाच टन आता पस्तिसांवर जातात.

उदाहरणार्थ, डब्ल्यूएजी-७ या विजेच्या इंजिनाची ताकद आहे ५,००० अश्वशक्ती आणि वजन १२३ टन. विजेची मोटर गाडी सुटतानाच सर्वाधिक जोर लावते, त्यामुळे मोटर कमी पडत नाही. कमी पडते ती पकड. इंजिनाची बारा चाकं रुळाला टेकतात ती प्रत्येकी जेमतेम एका नाण्याएवढ्या जागेत, आणि त्या प्रत्येक जागेवर दहा टनांचा भार असतो. रूळ कोरडा असेल, तर वजनाच्या साधारण तीस टक्के, म्हणजे ३७ टनांपर्यंतचा जोर रुळावर उतरतो. पावसात हेच प्रमाण वीस टक्क्यांवर येतं आणि हाती उरतात जेमतेम २५ टन. त्याहून जास्त जोर लावला, की चाक जागच्या जागी गरगरतं आणि होती तीही पकड सुटते. अशा वेळी लोको पायलट चाकांपुढे वाळू सोडतो. त्यासाठी वाळूच्या पेट्या इंजिनावरच असतात.

वाळूलाही मर्यादा आहे. म्हणून चाकांवरचं वजनच वाढवायचं, म्हणजेच आणखी इंजिनं लावायची. ती मागे लावण्याचे फायदे दोन. सगळा ताण डबे जोडणाऱ्या पुढच्या कपलिंगवर येत नाही, आणि एखादं कपलिंग तुटलंच तर सुटलेले डबे उतारावर घरंगळत नाहीत.

कसारा घाटाचा चढही एवढाच आहे. मात्र त्या घाटातून जाणाऱ्या, २०१९मध्ये सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानीला लवकरच दोन्ही टोकांना इंजिनं दिली गेली. त्यामुळे बँकर जोडण्या-सोडण्यात जाणारा तिचा वेळ वाचला.