फलकावरची अक्षरं वाचा, मग खडी मोजा

गावाला रस्ता मंजूर झाला की नारळ फुटतो, फलक लागतो. त्यावर रक्कम असते, लांबी असते आणि खाली इंग्रजी अक्षरांची माळ असते : जी.एस.बी., डब्ल्यू.बी.एम., ओ.जी.पी.सी. ‘ते साहेब लोकांचं काम’ म्हणून आपण पुढं निघतो. पण शेतकरी बंधूंनो, रस्त्यात काय पडणार आणि कसं पडणार, हे त्याच अक्षरांत लिहिलेलं असतं. चला, खालच्या थरापासून वाचू.

जी.एस.बी. म्हणजे ग्रॅन्युलर सब-बेस, दाणेदार पायाचा थर. मुरूम, खडी, वाळू यांचा हा थर वरचं वजन पसरवतो आणि पाणी बाहेर काढतो. काळ्या रानातल्या रस्त्याचा तर हाच जीव. यात माती चालत नाही. मूठभर मुरूम ओला करून तळहातावर वळा. सुतासारखी वळी झाली तर त्यात चिकणमाती आहे असं समजा.

डब्ल्यू.बी.एम. म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, आपलं खडीकरण. मॅकॅडम हे नाव जॉन मॅकॅडम (१७५६-१८३६) या स्कॉटिश रस्तेबांधणी तज्ज्ञावरून आलं. यातलं पहिलंच अक्षर पाण्याचं आहे! खडी पसरायची, कोरडी दाबायची, फटींत बारीक चुरी भरायची, मग पाणी मारून पुन्हा रोलर फिरवायचा. टँकर न येताच काम उरकलं, तर नावातलं पहिलं अक्षरच गळालं.

जाडीचा हिशेब आता ब्रासमध्ये करू. रस्ता १ किलोमीटर, रुंदी पावणेचार मीटर आणि दाबून ७५ मिलिमीटर, म्हणजे ३ इंचांचा थर. दाबलेली खडी भरते सुमारे १०० ब्रास. मोकळी खडी दबते, म्हणून ढिगात निदान १२० ब्रास हवी. थर एक इंचानं कमी पडला तर ढिगातली ४० ब्रास खडी गायब! उसाची ट्रॉली पहिल्या पावसाळ्यातच तो हिशेब दाखवते.

ओ.जी.पी.सी. म्हणजे ओपन ग्रेडेड प्रिमिक्स कार्पेट, २० मिलिमीटरचा डांबरी गालिचा. ‘ओपन’ म्हणजे फटी असलेला. त्यातून पाणी खाली झिरपतं, म्हणून वर सिलकोट हवाच. सिलकोट राहिला तर खालचं खडीकरण भिजून खड्डे पडतात. हा गालिचा वजन पेलण्यासाठी नाही. ताकद खालच्या थरांची. वरून रस्ता काळा कुळकुळीत दिसला म्हणून फसू नका.

बी.एम. म्हणजे बिटुमिनस मॅकॅडम, डांबर लावलेल्या खडीचा जाड थर. व्ही.जी.-१०, व्ही.जी.-३० ही डांबराची प्रत. आकडा मोठा तेवढं डांबर घट्ट. जुन्या कागदांवरच्या ८०/१०० आणि ६०/७० या प्रतींत मात्र उलटं होतं, लहान आकड्याचं डांबर कडक. सी.डी. वर्क म्हणजे मोऱ्या, नळकांड्या. एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. बिल तिच्यावरून निघतं.

सरपंच मंडळी, काम सुरू होण्याआधीच अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. मिळाली नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक आणि एम.बी.ची प्रत मागता येते. इतकंच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क त्यात आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर पुढं ५ वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदाराचीच. फलकावरची काम पूर्ण झाल्याची तारीख टिपून ठेवा.

मोजायचं ते वेळेवर मोजा. वरचा थर पडला की खालचा झाकला जातो. खडी दाबून झाली आणि डांबराची गाडी अजून यायची आहे, त्या दिवशी अभियंत्याला बोलावून त्याच्यासमोर टेप लावा. नंतरची तक्रार म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणं तपासण्यासारखं आहे.