छप्पर मालकाचं, फ्रीज भाडेकरूचा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं रोहा तालुक्यात घरांचे पत्रे आणि कौलं उडवली. तलाठ्यांनी पंचनामे केले, सरकारी मदत आली. पण धाटावच्या एमआयडीसीत नोकरी धरून भाड्यानं राहणाऱ्या माणसाला पंचनाम्यापलीकडचा प्रश्न असतो. छप्पर मालक घालील. भिजलेल्या टीव्हीचं काय?

छपराचं उत्तर जुनं आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेकरूनं घर होतं तसं परत करायचं. मात्र रोजच्या वापरातली झीज आणि पूर-वादळासारखी आपत्ती यांचा भार त्याच्यावर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे दुरुस्ती मालकाकडे. नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबूनही तो हलला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. गोची अशी, की आपल्याकडे बहुतेक व्यवहार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर चालतात. तिथे हे कायदे जसेच्या तसे लागत नाहीत. कागदावर लिहिलं असेल ते खरं. आणि ‘दुरुस्ती’चं कलम न वाचताच सही ठोकायची आपली सवय!

टीव्हीचं उत्तर विम्यात आहे. मालकानं घराचा विमा काढला असला तरी त्यातून भाडेकरूच्या फ्रीजचा एक रुपया मिळत नाही. भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचा विमा काढता येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. अमेरिकेत कित्येक घरमालक असा विमा असल्याशिवाय किल्लीच देत नाहीत. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१पासून, म्हणजे निसर्गनंतर दहा महिन्यांनी, सुरू झाली. आग, स्फोट, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, टाकी किंवा पाइप फुटणं असं बरंच काही तिच्यात येतं. चोरीही येते, पण अशा आपत्तीनंतरच्या ७ दिवसांतली. एरवीची घरफोडी नाही. रोख रक्कम वगळलेली. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पावसाळ्यात भिंतींना हळूहळू चढणारी कोकणातली ओल तर विमा कंपनीच्या लेखी आपत्तीच नव्हे. तिचं भांडण मालकाशीच.

गॅस सुरू राहून भाडेकरूच्या हलगर्जीपणानं भिंत जळाली, तर ती भरून देणं त्याच्याच गळ्यात. सामानाचा विमा तिथे कामी येत नाही, डिपॉझिट मात्र जातं.

पेणकरांसाठी आणखी एक गोष्ट. भाड्याच्या खोलीत वा शेडमध्ये रंगायला ठेवलेल्या गणपतीच्या मूर्ती घरसामानात मोजल्या जात नाहीत. विक्रीचा माल म्हणून त्यांना धंद्याची पॉलिसी लागते. छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. ऐन हंगामात कारखाना भरलेला असतो आणि पाऊसही तेव्हाच कोसळतो, म्हणून विम्याची रक्कम वर्षभराच्या सरासरीवर न ठरवता जुलै-ऑगस्टमधल्या मालावर ठरवायला हवी.