थंडीत सांडपाणी उशिरा का निवळते?

उन्हाळ्यात रात्री दुधाला विरजण लावले, की सकाळी घट्ट दही मिळते. पौषात तेच विरजण लावा. सकाळी पाहावे तो दूध तसेच पातळ! मग आपण भांडे चुलीच्या उबेला ठेवतो. दूध तेच, विरजण तेच; कमी पडली ती ऊब.

विरजणात डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू असतात. सगळेच जंतू रोग करीत नाहीत. काही दही लावतात. काही सांडपाण्यातली घाण खातात आणि पाणी निवळवतात. या जंतूंनाही ऊब लागते.

जुन्नर-आंबेगावात कुकडी, मीना, घोड या आपल्या नद्या. मोरीचे पाणी ओढ्याला जाते, ओढा नदीला. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. आपण सोडलेले पाणी खालचे गाव उचलते. वरच्या गावाने सोडलेले आपण उचलतो. म्हणून ते निवळून जाण्यात सगळ्यांचे हित आहे.

आता थंडी काय करते ते पाहू. ठोकळ हिशेब असा, की ऊब 10 अंशांनी उतरली म्हणजे जंतूंचे काम निम्म्यावर येते. 30 अंशांवर ज्याला दोन दिवस लागतात, त्याला 20 अंशांवर चार दिवस लागतात.

शहरांत सांडपाण्याच्या मोठ्या टाक्या असतात. त्यांत यंत्राने हवा फुंकतात, म्हणजे जंतूंना जोर येतो. काही ठिकाणी ते पाणी शेवटी एका पातळ पडद्यातून गाळतात. पडद्याची भोके इतकी बारीक, की त्यातून जंतूसुद्धा जात नाही. पण थंडी या पडद्यालाही सोडत नाही.

गुऱ्हाळातली काकवी आठवा. गरम असते तेव्हा ती भरभर ओतते. गार झाली, की फडक्यातून गळता गळत नाही. पाण्याचेही थोडे तसेच आहे. 30 अंशांचे पाणी 10 अंशांवर आले, की ते गाळायला दीडपटीहून जास्त जोर लागतो. शिवाय गारठलेले जंतू चिकट पदार्थ सोडतात. त्याने भोके बुजतात. म्हणून थंडीत पाणी सावकाश गाळावे लागते आणि पडदा वरचेवर धुवावा लागतो.

मग फार ऊन बरे का? तेही नाही. ऊन पाण्यात हवा कमी मावते. 10 अंशांच्या पाण्यापेक्षा 30 अंशांच्या पाण्यात ती सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी असते. जंतूंची भूक वाढते आणि हवा अपुरी पडते.

आपल्या गावात असा पडदा नसेल. पण गोबरगॅस आहे. आपल्याच जिल्ह्यात, देहू गावी, डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेले गोबरगॅस बांधून दाखवले. त्यांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गोबरगॅसमधले जंतू हवेशिवाय जगतात. पण ऊब त्यांनाही हवी. ती सुमारे 35 अंश असली, की काम जोरात चालते. 15 अंशांखाली गेली, की गॅस फार मंदावतो.

यावर उपाय सोपे आहेत. गोबरगॅस उन्हात बांधा, झाडाच्या सावलीत नको. थंडीत शेण पहाटेच्या गार पाण्यात कालवू नका. उन्हात तापलेले पाणी घ्या आणि दुपारी घाला. टाकीभोवती पाचट किंवा कडबा रचा. गॅस कमी येतो म्हणून जास्त शेण ओतू नका. जंतूंना ते पचत नाही आणि कच्ची घाण बाहेर पडते.

एक गोष्ट मनात पक्की धरा. हिवाळ्यात नदीचे पाणी नितळ दिसते, हाताला गार लागते. म्हणून ते शुद्ध असते असे नाही. रोगाचे पुष्कळ जंतू गार पाण्यात मरत नाहीत, उलट जास्त दिवस तग धरतात. तेव्हा पिण्याचे पाणी थंडीतही उकळूनच प्या आणि लेकरांनाही तेच द्या.