पंचगंगा-कृष्णा काठचा महापूर: पाणी का चढते, का थांबते आणि उसाचे काय होते

पंचगंगेच्या पुराची चर्चा फुटांत होते. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फुटांवर पोहोचले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली.

घर, गोठा आणि रस्ता यांच्यासाठी फुटांचा आकडा पुरेसा आहे. पिकासाठी आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे शेतात पाणी किती दिवस थांबले. बारा फूट पाण्यातून तीन दिवसांत मोकळा झालेला ऊस सावरू शकतो आणि आठ फूट पाण्यात दहा दिवस शेंड्यासह बुडालेला ऊस वाया जातो. पाणी का येते यासोबत ते लवकर का ओसरत नाही हे समजले, तर पुरानंतरचा निर्णय आणि पुढच्या लागणीचे नियोजन दोन्ही सोपे होतात.

पाणी येते कुठून?

कोल्हापूर जिल्ह्याच्या दोन टोकांच्या पावसात फार मोठा फरक आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळ तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणूनच शिरोळमध्ये ऊन पडलेले असतानाही नदी पात्राबाहेर येऊ शकते.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या घाटमाथ्याकडून उतरतात. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. प्रयाग चिखली येथे संगम होऊन पंचगंगा तयार होते. या नद्यांची लांबी कमी आणि वरच्या भागातला उतार तीव्र, त्यामुळे पश्चिमेकडे रात्री झालेला पाऊस दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या पातळीत दिसू लागतो.

"धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला" असे आपण सहज म्हणतो. हा हिशेब एकदा करून पाहू. भोगावतीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले तर सुमारे १०,००० क्युसेक पाणी बाहेर पडते. हे दरवाजे पूर्ण २४ तास उघडे राहिले तर नदीत येणारे पाणी होते साधारण ०.८६ टीएमसी.

आता धरणाच्या खाली, जिथे पाणी अडवायला काहीच नाही अशा ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. ते पाणी भरते १० कोटी घनमीटर, म्हणजे साडेतीन टीएमसी. जुलैच्या अखेरीस जमीन आधीच तुडुंब असते, त्यामुळे त्यातले बहुतेक पाणी न मुरता ओढ्यात आणि नदीत येते. धरणाखालच्या या मुक्त पाणलोटावर कोणाचेही नियंत्रण नसते.

याचा अर्थ धरणांचा संबंध नाही असा नाही. धरणात जागा शिल्लक असेल, तोवर ते पूर अडवते. भरले की वरून येईल तेवढे पाणी खाली सोडावेच लागते. २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुसळधार पाऊस आणि भरलेल्या धरणांचा विसर्ग एकाच वेळी नदीत आले. पुरासाठी किती जागा आणि कधीपर्यंत राखून ठेवायची, हा म्हणूनच दरवर्षीचा कळीचा प्रश्न आहे.

पाणी थांबते का?

कोल्हापूर सोडल्यावर पंचगंगेचा उतार मंदावतो. नदी वळणे घेत हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथे पोहोचेपर्यंत कृष्णेत कराडला कोयनेचे आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेचे पाणी आलेले असते. पुढे दानवाडजवळ दूधगंगाही येऊन मिळते. शिरोळ तालुक्यात चार नद्यांचे पाणी एकत्र येते ते असे.

मुख्य चर तुंबलेला असेल तर शेतातल्या छोट्या चरातले पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे चढते. नृसिंहवाडीला तेच होते. कृष्णा भरून वाहत असते, तेव्हा पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरत नाही आणि मागे फुगवटा तयार होतो. म्हणून कोल्हापुरात पातळी उतरू लागली तरी शिरोळच्या मळीच्या रानातले पाणी आणखी काही दिवस हलत नाही.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाबद्दल या भागात मोठा वाद आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. अलमट्टी हे या पुराचे मुख्य कारण नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अतिवृष्टी, पूरपट्ट्यातील अतिक्रमणे आणि नदीची घटलेली वहनक्षमता यांवर तिने बोट ठेवले. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झालेला नाही आणि अलमट्टीची उंची वाढवण्याला महाराष्ट्राचा विरोध कायम आहे.

काही कारणे मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहेत. निळ्या पूररेषेच्या आत झालेली बांधकामे, रस्त्यांचे आणि पुलांचे उंच भराव, बुजलेले नाले ही त्यातली काही. बांध सरकवत ओढा नांगरून शेतात घेणे हेही त्यातच येते. जुना ओढा बुजलेल्या शिवारात नदी उतरल्यानंतरही पाणी अडकून राहते आणि ते दोन-तीन दिवसच पिकाला महाग पडतात.

पाण्याखाली उसाचे काय होते?

मुळांना श्वासासाठी हवा लागते. माती पाण्याने भरली की एक-दोन दिवसांत तिच्यातला प्राणवायू संपतो. मुळे काम थांबवतात, नंतर कुजू लागतात. जमिनीतले नायट्रेट स्वरूपातले नत्र वायू होऊन उडून जाते किंवा वाहून जाते. पूर ओसरल्यावर ऊस पिवळा दिसतो त्यामागे ही दोन्ही कारणे असतात.

मोठ्या उसाचा जीव शेंड्यात, वाढीच्या कोंबात असतो. शेंडा पाण्यावर राहिला तर पाने श्वास घेत राहतात, कांड्यांवर नवी मुळे फुटतात आणि ऊस तग धरतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात गाळ बसला की कोंब कुजतो. मग डोळे फुटून पांगशा येतात, त्यांच्या वाढीसाठी उसातली साखर वापरली जाते आणि वजन व उतारा दोन्ही घटतात.

ढोबळ अंदाज असा ठेवावा:

- शेंडा पाण्यावर असेल तर मुळांपाशी आठवडाभर पाणी राहिले तरी ऊस बहुधा सावरतो. उत्पादन घटते, पण पीक हातचे जात नाही.
- शेंडा चार-पाच दिवस बुडाला असेल तर शेतागणिक, जातीगणिक फरक पडतो. प्रत्यक्ष पाहणी करूनच निर्णय घ्यावा.
- शेंडा आठ-दहा दिवस किंवा जास्त बुडाला असेल तर बहुतेक कोंब मेलेले असतात.
- जुलैमध्ये लावलेली आडसाली लागण लहान असते. ती पूर्ण बुडाली तर थोड्याच दिवसांत संपते.

पाणी ओसरल्यावर आधी पाहणी, मग खर्च

वाफसा नसताना शेतात ट्रॅक्टर घालू नये. ओली माती दाबली गेली की निचरा आणखी बिघडतो. चर काढून साचलेले पाणी बाहेर काढणे, हे पहिले काम.

त्यानंतर शेताच्या वेगवेगळ्या भागांतून वीस-पंचवीस ऊस निवडून शेंडे उभे चिरून पाहावेत. आतला कोंब पांढरा आणि टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, मऊ आणि कुबट वासाचा असेल तर मेलेला आहे. बुंध्याजवळची माती उकरून पांढरी नवी मुळे दिसतात का, तेही पाहावे.

*कोंब जिवंत असल्यास*

- पडलेला ऊस शक्य तिथे उभा करून बांधावा. वाळलेला, गाळाने माखलेला पाला काढावा.
- वाफसा आल्यावर लहान आणि मध्यम वयाच्या उसाला एकरी एक पोते युरिया आणि अर्धे पोते म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. तोडणीला आलेल्या उसाला नत्र देऊ नये.
- नवी पाने पिवळी-पांढरी पडत असतील तर फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट प्रत्येकी ५० ग्रॅम, १० लिटर पाण्यात मिसळून फवारावे.
- पोंग्याची पाने वेडीवाकडी होऊन शेंडा कुजत असेल तर तो पोक्का बोइंग रोग असू शकतो. कृषी सहायकाला दाखवून बुरशीनाशक ठरवावे.

*बहुतेक कोंब मेले असल्यास*

- खत आणि फवारणीवर पैसे घालू नयेत.
- ऊस तोडणीयोग्य वयाचा असेल तर कारखान्याच्या शेती गट कार्यालयात लेखी नोंद द्यावी आणि हंगाम सुरू होताच लवकर तोड मागावी. मेलेला ऊस जितका उभा राहील तितके वजन घटते.
- बुंधे आणि मुळे जिवंत असतील तर तोडणीनंतर खोडवा ठेवता येतो. नसतील तर पीक काढून रान रब्बीसाठी मोकळे करावे.
- बुडालेल्या उसाचे बेणे वापरू नये. त्याची उगवण कमी आणि विरळ होते.

भात, सोयाबीन, भुईमूग

सोयाबीन आणि भुईमूग दोन-तीन दिवस पूर्ण बुडाले की सहसा वाचत नाहीत. भाताला उभे पाणी चालते, पण पूर्ण बुडणे चालत नाही. स्वर्णा सब-१ यांसारख्या जाती दोन आठवड्यांपर्यंत बुडून राहिल्या तरी पुन्हा उभारी धरतात, नेहमीच्या जातींत ही क्षमता नसते. खरीप गेलेल्या शेतात वाफसा आल्यावर हरभरा, मका, गहू किंवा भाजीपाल्याचा विचार करावा. शिरोळ, हातकणंगलेच्या काळ्या जमिनींत पुरानंतर क्षार वर येण्याचा धोका असतो, तिथे माती परीक्षण आधी करावे. क्षारपड वाढत असेल तर सच्छिद्र पाइपच्या भूमिगत निचऱ्याशिवाय कायमचा उपाय नाही.

पंचनामा

आपत्ती मदतीच्या निकषांत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावे लागते. शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ बसला असेल किंवा जमीन खरडून गेली असेल तर तो वेगळ्या मदतीचा भाग आहे, त्याची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. शेत साफ करण्यापूर्वी तारखेसह फोटो काढावेत, पाण्याची खूण आणि चिरलेले शेंडे त्यात दिसू द्यावेत. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पाहणीला येतील तेव्हा स्वतः हजर राहावे. सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद नसेल तर मदत अडू शकते, म्हणून ती वेळेत करावी.

पुढच्या वर्षासाठी: आपल्या शिवाराची पूरनोंद

निळ्या पूररेषेच्या आतल्या रानात जुलै-ऑगस्टची आडसाली लागण टाळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीचा ऊस पुढच्या ऑगस्टपर्यंत नऊ-दहा महिन्यांचा आणि उंच झालेला असतो, त्याचा शेंडा पाण्यावर राहण्याची शक्यता जास्त. चिबड रानासाठी जात निवडताना को ८६०३२ बरोबर को एम ०२६५ चाही विचार करावा. ही जात पाणथळ आणि क्षारयुक्त जमिनीत तुलनेने तग धरते.

याशिवाय बिनखर्चाचे एक काम आहे. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना नदीकाठची मोटार बुडते, किती फुटांवर पाणी आपल्या बांधाला लागते, किती फुटांवर ते रानात शिरते आणि किती दिवसांनी निघते, हे वहीत लिहून ठेवा. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी धरावी. तिथे ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका पातळी आहे. शिरोळकरांनी दोन्ही आकडे लिहावेत, कारण त्यांच्या रानातले पाणी दोन्ही नद्यांवर अवलंबून असते.

दोन-तीन पुरांची अशी नोंद झाली की बातमीतला आकडा तुमच्या बांधाच्या भाषेत कळू लागतो. मोटार कधी काढायची, जनावरे कधी हलवायची, कोणत्या गटात ऊस ठेवायचा आणि कोणता गट रब्बीसाठी मोकळा सोडायचा, हे ठरवायला तीच नोंद उपयोगी पडते. कृषी सहायकांनी गावातल्या अशा नोंदी एकत्र करून गटनिहाय तक्ता केला, तर पुढच्या पुरात इशारा देणे आणि पंचनामा करणे ही दोन्ही कामे लवकर होतील.