अडलेला नट: गन घ्यावी की नळी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आमच्या मोटारीचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीबरोबर मिळालेला एल आकाराचा पानाही होता. नट मात्र एकही हलेना. पंधरवड्यापूर्वी टायरच्या एका दुकानात चाके काढून बसवली होती आणि तिथल्या मुलाने हवेवर चालणाऱ्या गनने सगळे नट टर्रर्र करून आवळले होते. आम्ही पान्यावर उभे राहिलो, दोन-चार उड्याही मारल्या (हे करू नये, पाना निसटला तर पाय मोडतो). शेवटी एक ट्रक थांबला. क्लीनरने दोन हात लांबीची लोखंडी नळी आणली, ती पान्याच्या दांड्यावर चढवली आणि नुसत्या हाताच्या दाबाने चारही नट सैल केले. वर्षानुवर्षे वर्गात तरफ शिकवणाऱ्या आम्हांला ती नळी सुचली नव्हती!

घरी आल्यावर चिरंजीवांनी लगेच मागणी केली, "बाबा, बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घेऊ या." चांगल्या प्रतीच्या गनची किंमत बॅटरी आणि चार्जरसह पाच आकड्यांत जाते. तेव्हा आधी हिशेब करावा असे ठरले.

नट फिरवण्यासाठी नुसते बळ पुरत नाही. ते बळ मध्यापासून किती अंतरावर लावतो तेही महत्त्वाचे. बळ आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे बलाचे आघूर्ण, गॅरेजच्या भाषेत टॉर्क. लहान मोटारीच्या चाकाचा नट किती आवळावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. हा आकडा बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आमचा पाना २५ सेंटिमीटरचा. ६० किलोच्या माणसाचे वजन सुमारे ६०० न्यूटन. तो दांड्याच्या टोकावर उभा राहिला तर ६०० गुणिले ०.२५, म्हणजे १५० न्यूटन-मीटर. नीट आवळलेला नट याने उघडायलाच हवा. आमचा उघडला नाही, याचा अर्थ तो दीडपटीपेक्षाही जास्त आवळलेला होता. क्लीनरच्या नळीने दांडा ९० सेंटिमीटरचा झाला. तिथे २७० न्यूटन, म्हणजे २७ किलोच्या वजनाएवढा दाब दिला तरी २४३ न्यूटन-मीटर होतात.

आता गनकडे वळू. १८ व्होल्टची बॅटरी २० अँपिअर प्रवाह देते असे धरले तर शक्ती झाली ३६० वॅट. आतील फिरता भाग मिनिटाला २००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २१० रेडियन. ३६० ला २१० ने भागा. टॉर्क आला जेमतेम १.७ न्यूटन-मीटर! इतक्याने बरणीचे झाकण उघडेल कदाचित. मग ही गन चाकाचा नट कसा उघडते?

खिळा अंगठ्याने लाकडात दाबून पाहा, आणि मग हातोडीने ठोका. हातोडी हवेतून येताना वेग साठवत येते आणि खिळ्यावर तो सगळा वेग अगदी थोड्या वेळात गमावते. जितका वेळ कमी तितके बळ मोठे. इम्पॅक्ट गनमध्ये हेच गोल फिरून घडते. तिच्या आत एक जड पोलादी हातोडा असतो आणि त्याच्यासमोर ऐरण असते. (कानातील हाडांचीही हीच नावे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.) ऐरणीच्या दुसऱ्या टोकाला नटावर बसणारी सॉकेट. नट सहज फिरत असतो तोवर दोन्ही एकत्र फिरतात. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीचा दात ओलांडतो, मोकळा होतो, अर्धा फेरा घेत वेग पकडतो आणि पुढच्या दातावर आदळतो. असे मिनिटाला दोन-तीन हजार ठोके.

हातोडा ४०० ग्रॅमचा आणि अडीच सेंटिमीटर त्रिज्येचा धरू. भरीव चकतीच्या सूत्राने त्याचे जडत्व आघूर्ण येते ०.००０१२५ किलोग्रॅम-वर्गमीटर. सेकंदाला २०० रेडियन वेगाने त्याचा कोनीय संवेग ०.०२५ एकक. पोलादावर पोलाद आदळून तो एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात थांबला, तर त्या क्षणापुरता टॉर्क २५० न्यूटन-मीटर! आकडे अंदाजी आहेत, पण १.७ पासून २५० पर्यंतची उडी कुठून येते ते त्यांतून दिसते. यातली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, हा धक्का हातोडा आणि ऐरण यांच्यातच होतो. गन धरणाऱ्या हाताला मुख्यतः हातोड्याला वेग देणाऱ्या मोटारीची उलटी ओढ जाणवते. म्हणून एका हाताने धरलेली गन मनगट न पिरगाळता गंजका नट उघडते. गंज ठिसूळ असल्याने ठोक्यांनी तो तडकतोही.

उघडायला उत्तम असलेले हे यंत्र आवळायला मात्र धोक्याचे. नट आवळतो तेव्हा स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ओढीने चाक घट्ट बसते. १२ मिलिमीटरच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटरने सुमारे ४ टन वजनाएवढी ओढ येते. पण दिलेल्या टॉर्कच्या १०० भागांपैकी जवळजवळ ९० भाग घर्षणातच जातात. ताणायला उरतात सुमारे दहा. त्यामुळे आट्यांना तेल लावले की त्याच टॉर्कला ओढ एकदम वाढते. (चाकाच्या नटांना हौसेने ग्रीस लावणाऱ्यांनी हे वाचावे.) गनचा खटका एक सेकंद दाबला की तीन सेकंद, यावर नट किती आवळला जातो ते ठरते. दुपटीहून जास्त आवळल्यास स्टड कायमचा ताणला जाऊ शकतो आणि पुढे कधीतरी तुटतो. घाटातला आमचा ताप हा याच खटक्याचा.

राहिला वापराचा प्रश्न. आम्ही घरी वर्षातून दोनदा चारही चाके काढतो. चाकाला चार नट, म्हणजे वर्षाला ३२. लांब दांड्याने एका नटाला अर्धा मिनिट धरला तर १६ मिनिटे. गनने ती तीनावर येतील. वर्षाला १३ मिनिटांसाठी एवढा पैसा! शिवाय लिथियम बॅटरी न वापरताही जुनी होते. आणि घाटात पंक्चर होईल तेव्हा गन घरच्या कपाटात असेल. गनसाठी वेगळ्या जाड सॉकेट लागतात, साध्या चकचकीत सॉकेट ठोक्यांनी तडकू शकतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. आमचे एक मित्र जुन्या जीपची दुरुस्ती दर रविवारी करतात. खालचे गंजलेले बोल्ट, जिथे लांब दांडा फिरवायला जागाच नसते, तिथे गनला पर्याय नाही. त्यांनी ती घेतली, योग्यच केले. खांदा दुखणाऱ्या माणसानेही घ्यावी.

आम्ही लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क मोजणारा पाना घेतला. दोन्ही मिळून गनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडले. टॉर्कच्या पान्यावर १०० चा आकडा लावायचा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, 'कट्ट' वाजले की थांबायचे. सैल करणे आणि शेवटचे आवळणे ही दोन्ही कामे चाक जमिनीवर टेकलेले असताना करावीत, जॅकवर कधीच नाही.

तरफेच्या तासाला आता आम्ही वर्गात शेगड्यात पकडलेला एक बोल्ट, पाना आणि तानकाटा नेतो. नट प्रत्येक वेळी तेवढाच आवळून तानकाटा १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर लावायचा व नट हलताना काट्यावरचा आकडा टिपायचा. गुणाकार जवळपास सारखे येतात; जिथे फरक पडतो तिथे मुले घर्षणावर भांडतात.

मार्चमध्ये पुन्हा टायरच्या दुकानात जाणे झाले. घरी येताच अंगणात १६ नट गाडीच्या छोट्या पान्याने तपासले. तीन उघडले नाहीत. ते लांब दांड्याने सैल केले, मग सोळाही नट मोजून आवळले. चिरंजीवांनी अजून हट्ट सोडलेला नाही.