सत्काराची शाल आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक

सन १८८० मधील गोष्ट आहे. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर शृंगारावे व त्यासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव सभेपुढे आला. बत्तीस नियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुले यांनी विरोधात मत दिले. हा पैसा पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाला तेव्हा फार दिवस लोटले नव्हते, हेही लक्षात घ्यावे.

यावरून जोतीरावांना सत्कारच नको होते, असे कोणी समजू नये. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा स्वतःचा शाल देऊन गौरव झाला होता. पुढे ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. तेव्हा गौरव कोणाचा, कशासाठी आणि कोणत्या पैशातून, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या मंडळात दरवर्षी हा विषय निघतो. वस्तीतील अमक्या ज्येष्ठांचा नगरपालिकेने नागरी सत्कार करावा, तमक्यांचे नाव चौकास द्यावे, अशा सूचना येतात. सूचना रास्तच असतात. परंतु नगरपालिकेची तिजोरी कशी चालते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता. त्यांच्या अनुयायांनी अंदाजपत्रकाला घाबरण्याचे कारण नाही.

अंदाजपत्रक १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचे असते. नगरपालिकेत मुख्याधिकारी व महानगरपालिकेत आयुक्त ते तयार करतात, स्थायी समिती तपासते आणि सर्वसाधारण सभा मंजूर करते. जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि शासनाची अनुदाने. पूर्वी जकात हा मोठा आधार होता. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली, आणि मुंबई महानगरपालिकेची १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. त्यामुळे आता शासनाकडून येणाऱ्या रकमेकडे डोळे लावून बसणे आले. खर्चाच्या बाजूला पगार, निवृत्तिवेतन, पंपांचे व रस्त्यावरील दिव्यांचे वीजबिल, सफाई. हे थांबवता येत नाही. पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती ही कायद्याने बंधनकारक कामे आहेत. सत्कार आणि वाचनालय ही ऐच्छिक कामे. हात आखडला की कात्री आधी ऐच्छिक कामांनाच लागते.

आणखी एक भेद आम्हांस बँकेतील नोकरीमुळे चटकन दिसतो. भांडवली खर्च एकदाच होतो, महसुली खर्च दरसाल होतो. इमारत बांधणे हा भांडवली खर्च. त्याला अनुदान मिळते, कोनशिला बसते, फोटो निघतात. त्या इमारतीत माणूस ठेवणे, दिवा लावणे, वर्तमानपत्र घेणे हा महसुली खर्च. त्याला कोणी हार घालीत नाही.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमच्या ओळखीच्या एका वस्तीत एक सफाई कामगार दिवसा झाडू मारीत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मुलांना शिकवीत. त्यांच्या पश्चात तेथील नगरपालिकेने अभ्यासिका बांधून तिला त्यांचे नाव दिले. उद्‌घाटन थाटात झाले, मंडप, ध्वनिक्षेपक, पेढे, सर्व काही. घरच्या मंडळींना शाल-श्रीफळ मिळाले. अभ्यासिकेच्या सेवकासाठी मात्र पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. दोन वर्षे कुलूप राहिले. नावाची पाटी तेवढी स्वच्छ होती, कारण त्यांची कन्या दर रविवारी येऊन ती पुसून जात असे. आम्हांला तो अपमानच वाटला. तो जाणूनबुजून केलेला नव्हता, एवढेच.

शेवटी वस्तीतील मंडळींनी अर्ज केला. त्यात सत्काराचा शब्द नव्हता. सेवकाचे मानधन, वीज व वर्तमानपत्रे यांचा वर्षाचा हिशेब करून तेवढ्याच रकमेची तरतूद मागितली होती. निम्मी मंजूर झाली. उरलेल्या निम्म्यासाठी पदवीचे विद्यार्थी आळीपाळीने बसू लागले, आणि वर्तमानपत्रांचा भार लोकांनी उचलला. एक लाख रुपयांची मुदत ठेव सात टक्के दराने वर्षाला सात हजार रुपये देते. तेवढ्यात दोन दैनिके व एखादे स्पर्धा परीक्षेचे मासिक बसते.

चौकास नाव देण्यास पाटीपलीकडे फारसा खर्च येत नाही. मानपत्राला चौकट आणि सुवाच्य अक्षर पुरते. असा गौरव जरूर मागावा, त्यात कमीपणा नाही. पण ज्या गौरवाला दार, दिवा आणि माणूस लागतो, त्याची मागणी करताना पुढील पाच वर्षांचा महसुली खर्च अर्जातच लिहावा. अंदाजपत्रकाचे आकडे हिवाळ्यातच जुळविले जातात, फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग होत नाही. आपल्या मंडळाचा अर्ज दिवाळीपूर्वी जावा. हिशेबाचा कच्चा तक्ता आम्ही करून देऊ. वीजबिलांच्या जुन्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या चिटणिसांकडे आणून द्याव्यात.